गावात ओहोटीची फेरी काढायचीय? असं करा

किनाऱ्यावरच्या गावात काहीतरी शैक्षणिक करूया म्हटलं की सभामंडपात प्रोजेक्टर लागतो, बाहेरून पाहुणे येतात आणि पुढच्या रांगेत शाळेतली पोरं जांभया देत बसतात. त्यापेक्षा सकाळी ओहोटीला सगळ्यांना खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात घेऊन जा, खर्च चहापोह्यांचा आणि थोडं मानधन, बस.

आधी दिवस ठरवा, कारण रविवार बघून चालत नाही, तिथी बघावी लागते. जुन्या लोकांचा हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की साधारण त्या वाजता पूर्ण भरती, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सव्वासहा तास मिळवा, झाली ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे ओहोटीला पाणी खूप आत जातं खरं, पण ओहोटी पहाटे साडेपाचला येते, अंधारात पोरांना कुठे नेणार? म्हणून द्वितीया बेस्ट. भरती दीडला, ओहोटी पावणेआठच्या आसपास, आणि पाणीपण चांगलं आत गेलेलं. अष्टमीला भांग असतो, पाणी फार हटतच नाही, तो दिवस सोडाच. हा हिशोब अंदाजाचा आहे हां, मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल एकदा बघून घ्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी चांगले. जूनपासून मासेमारी बंद असते आणि माणसं घरी असतात, पण तेव्हा खडपात अजिबात नको, ते दिवस जाळी विणायला शिकवायला ठेवा.

आता मेन गोष्ट. गाईड म्हणून गावातल्या कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या मामी-काकींना विचारा. कुठला दगड निसरडा, कुठे पाणी मागून भरतं, कुठल्या डबक्यात काय सापडतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, उधाणाची ओहोटी हीच त्यांची कमाईची वेळ असते, तुमच्या फेरीला आल्या की त्या दिवसाची कालवं बुडाली. त्यामुळे "काकी या ना जरा" असं फुकटात बोलवू नका, मानधन आधी ठरवा आणि पाकिटात घालून सगळ्यांसमोर द्या, पोरांनापण कळू दे की हे ज्ञान आहे.

एका गटात वीस-पंचवीसच जण, पाच पोरांमागे एक मोठं माणूस. पायात जुने कॅनव्हासचे बूट, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि स्लीपर घसरते. ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, जिवंत शंख घरी न्यायचे नाहीत, आणि कोनासारखे निमुळते शंख तर उचलायचेच नाहीत, काहींचा दंश विषारी असतो.

फोटो आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पती ओळखायच्या ॲपवर टाका, ओळखायला मदत करणारे लोक तिथे असतात. मुंबईत जुहू, हाजीअलीला मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले 2017 पासून अशा फेऱ्या काढतायत. पण ॲपवरचं नाव आलं की थांबू नका, वहीत बाजूला गावातलं नावपण लिहा, त्यावरून म्हाताऱ्यांची भांडणं लागतात आणि खरी मजा तिथेच येते.

पाणी फिरलं की शिट्टी, कितीही भारी काही सापडलेलं असू दे, सगळे वर. पोहे खाता खाताच पुढची द्वितीया कधी आहे ते सांगून टाका, नाहीतर ग्रुपवर नुसते अंगठे येतात.