बर्ड डॉग ट्रायलची तयारी: पंजांपासून सुरुवात

बर्ड डॉग ट्रायल म्हणजे वासावरून पक्षी शोधणाऱ्या शिकारी कुत्र्यांची रानातली स्पर्धा. तिच्या तयारीच्या यादीची सुरुवात पंजांपासून करा. ट्रायलला आठ आठवडे राहिले की कुत्र्याला कुशीवर झोपवायचं, एकेक पंजा हातात घ्यायचा आणि अंगठ्याने प्रत्येक गादी दाबून बघायची. गादी चिवट हवी, पण भेगाळलेली नको. मग बोटं फाकवून बेचकीतले केस बाजूला करा, कारण कुसळ तिथेच लपतं. कुसळ पुढे सरकतं, मागे येत नाही. आज केसांत दिसलेलं कुसळ चिमट्याने सहज निघतं. दोन-चार दिवस राहिलं तर कातडीखाली शिरून गळू करतं आणि कुत्रा ऐन ट्रायलला लंगडतो. चालताना नखं टकटक वाजत असतील तर ती वाढली आहेत असं समजा. पण नखं कापायची ती निदान आठवडाभर आधी. आदल्या रात्री घाईत जिवंत भागाला कात्री लागली, तर सगळी मेहनत त्या एका नखापाशी अडते.

पायांनंतर दम. तुमची फेरी किती वेळाची आहे ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी अर्धा तास असतो, मोठ्या चॅम्पियनशिपमध्ये एक तास. अमेरिकेत टेनेसीतल्या ग्रँड जंक्शनजवळच्या एम्स प्लँटेशनवर नॅशनल चॅम्पियनशिप होते, तिथे एकेक फेरी तीन तासांची असते. अर्ध्या तासाच्या फेरीसाठी तासाभराचा दम तयार ठेवावा, असं माझं मत आहे. दमलेला कुत्रा पळतो, पण नाक लावत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणाऱ्या कुत्र्याला वास नीट येतच नाही. छातीला साज बांधून ओढत पळवण्याचा व्यायाम दिवसाआड द्या. पंधरा-वीस मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवा, तोही मातीवर किंवा गवतावर, डांबरावर नको. शेवटच्या आठवड्यात निम्मा करा आणि शेवटचे दोन दिवस नुसतं फिरवणं. ताजातवाना कुत्रा शेपटीवरून कळतो, आणि जज शेपटी बघतात.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. लांब पल्ल्याच्या कुत्र्याला ताकद मुख्यतः चरबीतून मिळते, त्यामुळे खाद्यात चरबी आणि प्रथिनं भरपूर असावीत. खाद्य बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. ट्रायलच्या आधीच्या तीन आठवड्यांत मात्र काहीही नवीन देऊ नका. आदल्या संध्याकाळी नेहमीचं जेवण द्या, सकाळी पोटभर देऊ नका. भरल्या पोटी धावणाऱ्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. पाणी घरून न्या. एकदा माझ्या सेटर जातीच्या कुत्रीने मैदानावरच्या टाकीतल्या पाण्याला तोंडच लावलं नाही. नुसतं हुंगून मान फिरवली. फेरीच्या विसाव्या मिनिटाला तिची चाल पडली आणि मी तिला उचलून आणलं. तेव्हापासून गाडीत सर्वांत आधी पाण्याचे कॅन चढतात.

आता खरं काम. मोठ्या कुत्र्यांच्या गटात कुत्रा पॉइंटला, म्हणजे पक्ष्याचा वास येताच जागीच खिळून, उभा राहतो, तुम्ही पुढे जाऊन झुडूप हलवून पक्षी उडवता, ब्लँक (बिनगोळीच्या) पिस्तुलाचा बार काढता, आणि या सगळ्यात कुत्र्याने पाऊल हलवायचं नसतं. कुत्रा घराच्या आवारात हे करतो म्हणून रानात करेलच असं नाही. महिनाभर आधी वेगवेगळ्या जमिनीवर, वेगवेगळ्या वाऱ्यात, उडणाऱ्या खऱ्या पक्ष्यांवर तपासा. पक्षी उडताना कुत्र्याच्या पुढच्या पायांकडे लक्ष ठेवा. खांदा किंचित खाली गेला की तो मनाने सुटलेला आहे. त्या क्षणी बार काढू नका. शांतपणे त्याला जागेवर आणा, हाताने उभं करा, अंगावरून हात फिरवा आणि पक्षी लांब जाईपर्यंत तिथेच थांबा. तुमची घाई कुत्र्याच्या पायांत उतरते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

याहून जास्त कुत्रे बाद होतात ते बॅकिंगमध्ये. फेरीत दोन कुत्रे जोडीने सुटतात. जोडीदार पॉइंटला दिसला की आपल्या कुत्र्याने, स्वतःला वास आलेला नसला तरी, जिथल्या तिथे थबकून मान द्यायची. पुढे घुसून पॉइंट चोरला तर खेळ संपला. एकट्याने शिकवलेला कुत्रा इथे हमखास चुकतो, म्हणून अनोळखी कुत्र्यांबरोबर सराव ठरवा. घरातल्या भावंडाला मान देणं आणि परक्या कुत्र्याला देणं यात फार अंतर आहे.

पिल्लू नेत असाल तर यातलं बरंचसं विसरा. पिल्लांच्या गटात जजना बघायची असते ती उमेद: मोकळं पळणं, शोधण्याची ओढ, धीटपणा. १८६५ साली इंग्लंडमध्ये साउथिलला ट्रायल झाली तेव्हापासून हा खेळ कुत्र्यातला मूळ गुण पारखत आला आहे. तो गुण शिस्तीखाली दाबून टाकणं हे पाप आहे, असंच मी मानतो. पिल्लाला बाराची ओळख करून द्यायची ती ते पक्ष्याच्या मागे रंगात आलेलं असताना, लांबून आणि एकदाच. बाराची भीती बहुतेक वेळा माणसानेच लावलेली असते आणि ती काढायला वर्षं जातात.

कागदपत्रं उरकून टाका: प्रवेशाची शेवटची तारीख, नोंदणीतलं नाव अक्षरशः बरोबर, रेबीजच्या लशीचा दाखला. कुत्री माजावर येण्याची शक्यता असेल तर आयोजकांना आधीच विचारा. जोड्या चिठ्ठीने ठरतात, तेव्हा आपली वेळ लिहून घ्या.

थैलीत दोन शिट्ट्या, पिस्तूल आणि पुरेशी ब्लँक काडतुसं, भडक रंगाचा पट्टा, दोर, चिमटा, डोळे धुवायला सलाइन, चिकटपट्टी, थर्मामीटर आणि जवळच्या पशुवैद्याचा नंबर. झटक्याचा कॉलर फेरीत चालत नाही, त्यामुळे कुत्रा त्याशिवाय ऐकतो का हे घरीच कळलेलं बरं. ट्रॅकिंग कॉलरबद्दल त्या ट्रायलचा नियम आधी वाचा. जज घोड्यावर असतील तर कुत्र्याला घोड्यांची सवय हवी. घोड्याच्या मागच्या पायांजवळून पळणारा कुत्रा लाथ खातो. स्काउट (लांब गेलेला कुत्रा शोधणारा मदतनीस) घेणार असाल तर तो कोणत्या बाजूने जाईल ते आदल्या दिवशीच ठरवा.

सकाळी लवकर पोहोचा. वारा कुठून आहे ते बघा आणि सोडण्याआधी कुत्र्याला मोकळं होऊ द्या. ऊन चढलं तर जिभेकडे लक्ष ठेवा. जीभ रुंद होऊन टोकाला फावड्यासारखी पसरली, हिरड्या चिकट झाल्या, चाल डगमगली, की थांबा. कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१च्या वर गेलं तर सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि मग पशुवैद्याकडे न्या. अशा वेळी कोणत्याही बक्षिसाच्या रिबनचा विचार मनात येऊ देऊ नका.

फेरी संपली की पाणी थोडं थोडं द्या. धाप बसली की त्याचं डोकं मांडीवर घ्या, अंगठ्याने खालची पापणी ओढा आणि आतला कोपरा बघा. तिथे गवताचं बी हमखास सापडतं. सलाइनची धार सोडली की ते वाहून कडेला येतं. दुसरा डोळा, मग कान, मग पंजे. जेवण तासाभराने.