नाताळचा फ्लेक्स छापायला टाकण्याआधी

डिसेंबर लागला की चर्चच्या मंडळीतला (सभासदांतला) एखादा तरुण पेनड्राइव्ह घेऊन फ्लेक्सवाल्याकडे जातो, गेल्या वर्षीची फाइल उघडतो, साल बदलतो आणि संध्याकाळपर्यंत १० × ४ फुटांचा फलक चर्चच्या फाटकावर चढतो. त्यावर गोठा, तारा, घंटा, पाळकसाहेबांचा फोटो आणि खाली कमिटीचे पंधरा चेहरे. उपासना किती वाजता, ते मात्र गाडी थांबवून जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मंडळीतल्या माणसांना वेळ पाठच असते. फलक लागतो तो रस्त्याने जाणाऱ्यासाठी, नव्याने बदली होऊन आलेल्या कुटुंबासाठी.

म्हणून कॉम्प्युटर उघडण्याआधी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा: काय आहे, कधी, कुठे, कोणाला फोन करायचा. वार कॅलेंडरवर पाहूनच लिहा. २५ डिसेंबरला २०२५ मध्ये गुरुवार होता, २०२६ मध्ये शुक्रवार आहे. जुन्या फाइलमध्ये साल बदलते आणि वार तसाच राहतो. पत्त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव ही आजची नावे घ्या, पण संस्थेचे नाव नोंदणीत आहे तसेच ठेवा. फोटो टाळता येत नसतील तर एकच घ्या. पंधरांपैकी कोणाला वगळायचे यावरून होणारे रुसवेफुगवे टाळायचे असतील तर एकही नको, हे उत्तम.

आता मापे. दहा फुटांच्या अंतरामागे एक इंच अक्षर, हा ढोबळ हिशेब धरा. शंभर फुटांवरून वाचायचे तर शिरोरेषेपासून तळापर्यंत दहा इंच. मराठीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार असतात, त्यामुळे ओळीला अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त जागा लागते. चार फूट म्हणजे ४८ इंच. ‘नाताळ उपासना’ दहा इंची अक्षरांत, ओळ १६ इंचांची. तारीख-वेळ आठ इंची, ओळ १३ इंचांची. पत्ता पाच इंची, ओळ ८ इंचांची. वर-खाली तीन-तीन इंच समास. झाले ४३. उरलेले पाच इंच ओळींमधल्या फटींत जातात, म्हणजे चित्र बसवायचे तर ते बाजूलाच बसेल. बायबलमधले वचन टाकायचे असल्यास पत्त्याशेजारी फक्त संदर्भ (पुस्तक, अध्याय, ओवी) द्या. सबंध वचन दोन इंची अक्षरांत रस्त्यावरून कोणी वाचत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फॉन्टमध्ये. मोबाइलवर युनिकोडमध्ये (आजचे फोन-कॉम्प्युटर वापरतात त्या अक्षरपद्धतीत) टाइप केलेला मजकूर दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरे फुटतात. ‘ख्रिस्त’चे ‘ख्रस्ति’ होते, ‘येणाऱ्या’चे ‘येणार्या’. ऑपरेटर घाईत असतो, त्याच्या लक्षात येत नाही. आणि चर्चच्या फाटकावर नेमके तेच नाव चुकलेले दिसते. उपाय दोन. मुक्ता, बालू किंवा तिरो देवनागरी मराठी असा मोफत युनिकोड फॉन्ट घेऊन डिझाइन स्वतः करा आणि पीडीएफ द्या. नाहीतर दुकानातल्या श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर पुन्हा टाइप करून घ्या आणि समोर बसून अक्षर अन् अक्षर तपासा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइल दुसऱ्या दुकानात जाणार असेल तर आधी सगळा मजकूर निवडून ‘कर्व्हज’मध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांमध्ये बदला, मात्र दुरुस्तीसाठी मूळ प्रत वेगळी जपून ठेवा. अक्षरांमधले अंतर ताणू नका, शिरोरेषा तुटते. ठसठशीतपणा हवा तर फॉन्टचे जाड रूप (बोल्ड) वापरा. दोनच्या वर फॉन्ट नकोत.

फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की त्याचे पिक्सेल कमी होतात आणि दहा फुटी फलकावर चेहरा ठोकळ्या-ठोकळ्यांचा दिसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. १० × ४ फुटांना पूर्ण मापात ७२ डीपीआय (एका इंचात ७२ ठिपके) पुरते, म्हणजे ८६४० × ३४५६ पिक्सेल. रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत) ठेवा. स्क्रीनवर चमकणारी सोनेरी अक्षरे छापल्यावर मातकट होतात. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) व उपवासकाळाला (ईस्टरआधीचे आठवडे) जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला) लाल ही परंपरा तुमच्या मंडळीत असेल तर पार्श्वभूमीला तोच रंग धरा. अक्षरे मात्र गडदावर पांढरी किंवा फिक्यावर गडद. लालावर हिरवी कधीच नको.

उपासनाक्रमाच्या पुस्तिकेचे गणित वेगळे. ए-४ मधोमध दुमडला की ए-५ ची चार पाने होतात, म्हणून एकूण पाने चाराच्या पटीत हवीत. मजकूर दहा पानांचा झाला तर दोन कोरी उरतात. तिथे गीते घाला. फोटो ३०० डीपीआय, कडेपर्यंत रंग असेल तर चहूबाजूंनी ३ मिमी जादा. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार रंगांतून केलेला काळा ऑफसेट छपाईत जरा सरकला की बारीक अक्षरांना रंगीत सावली येते. आज्या-आजोबांसाठी अक्षर १४ पॉइंट. वचने मंडळीत जे भाषांतर वाचतात त्यातूनच उतरवा.

पडद्यावरच्या गीतांना एका स्लाइडवर चार ओळी. पत्र्याच्या छताखाली दिवसा उजेड फार असतो, तेव्हा काळ्यावर पिवळ्यापेक्षा पांढऱ्यावर काळे बरे वाचते. व्हॉट्सअॅप स्टेटससाठी उभी फाइल, १०८० × १९२० पिक्सेल. तिथे फ्लेक्सची आडवी फाइल टाकू नका.

फलक चर्चच्या आवाराबाहेर लावायचा तर नगरपालिका किंवा महापालिकेची परवानगी आधी काढा. चारी कोपऱ्यांत आणि कडेने दर दोन फुटांवर आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) मारून घ्या, नाहीतर वाऱ्याने कोपरे फाटतात.

सण झाला की जुना फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर जातो किंवा खाली अंथरला जातो. क्रूस आणि वचन असलेला फलक असा पायाखाली आलेला कोणालाच रुचत नाही. म्हणून फलक पुन्हा वापरता येईल असा करा: मुख्य फलकावर साल घालूच नका. तारखेच्या ओळीची जागा मोकळी ठेवा आणि १० फूट × १५ इंचांची वेगळी पट्टी छापून त्यावर बांधा. पुढच्या नाताळात फक्त पट्टी बदलायची.