पायात मुरलेले बूट सोडताना

रोज पहाटे साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर जाऊन येते. माझे करडे बूट तीन वर्षांत पायात असे मुरले होते की लेस न सोडताच पाय आत सरकायचा. श्रावणात उतरताना शेवाळलेल्या दगडावरून घसरले, मनगट मुरगळलं, तेव्हा कुठे बूट उलटे करून पाहिले. टाचेखालची नक्षी साफ गेली होती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका अंगाला कललेली दिसली, तर चालताना घोट्यावरही ताण येऊ शकतो. मग सोलच्या कडेला, मधल्या फोमवर अंगठा दाबा. नव्या बुटाचा फोम दबून परत वर येतो. जुन्याला आडव्या सुरकुत्या पडून तो कडक झालेला असतो. चालण्या-पळण्याच्या बुटांचा फोम साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये बसतो. आपण फसतो ते इथेच. बूट मऊ लागतो तो वरचं कापड सैलावल्यामुळे, धक्का झेलणारा थर कधीच संपलेला असतो.

तरी मी राजवाड्याजवळ बसणाऱ्या मामांकडे नेले. त्यांनी बूट वाकवून पाहिला. "ताई, शिवण मारून देतो, सोल चिकटवतो. पण बसलेला फोम मला उठवता यायचा नाही."

नवा जोड संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे घालूनच बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नंतर दोन आठवडे आलटूनपालटून वापरा: चढाला नवे, सपाटीवर भाजी आणायला जुने. एका दिवसात सोडायला गेलात तर नवे चावतात आणि जुने पुन्हा पायात येतात.

तळ गेलेला बूट कुणाला देऊ नका. ज्यावरून मी पडले, तो दुसऱ्याच्या पायात का घालायचा? शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर चपला सोडल्या की पीडा जाते, असं आईही म्हणायची. पण तिथे झाडणाऱ्या बाईंनाच त्या वाकून उचलाव्या लागतात. बूट धुऊन, वाळवून, सुक्या कचऱ्यात घंटागाडीत द्या.

त्याआधी मी सुखतळे काढले. पाचही बोटांचे काळे ठसे उमटले होते, करंगळीचा अगदी पुसट. बराच वेळ हातात धरून बसले. लेसा ठेवून घेतल्या. गच्चीतलं टोमॅटोचं रोप त्यांनीच काठीला बांधलंय.