खलनायक सुधारेल का? भाकीत करताना या चुका टाळा

डिस्नेच्या 'फ्रोझन' या अ‍ॅनिमेशनपटाचा तिसरा भाग येणार असल्याचे जाहीर झाल्यापासून त्यातील खलनायक राजपुत्र हॅन्सच्या भवितव्याची चर्चा पुन्हा रंगू लागली आहे. कोथरूड-एरंडवण्यात शाळकरी मुले आणि त्यांचे पालक एकाच सतरंजीवर बसून चित्रपटांवर वाद घालतात, तिथे हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो तो सुधारणार, दुसरा म्हणतो सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. उत्साह दोन्हीकडे वाखाणण्याजोगा असतो, मात्र पुण्यात 'मला आपलं असं वाटतं' म्हणून सुरू झालेले वाक्य दोन मिनिटांत निकालपत्र होते आणि पुराव्याकडे कोणी पाहत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आपल्याला आलेली कणव हाच खलनायकाचा पश्चात्ताप समजणे. हॅन्सला बारा थोरले भाऊ आहेत आणि त्यांतील तिघांनी दोन वर्षे आपण दिसतच नसल्याचे सोंग केले, असे तो एरेंडेल राज्याची राजकन्या अ‍ॅनाला सांगतो. यावरून 'बिचारा उपेक्षित होता, म्हणजे सुधारेल' असा निष्कर्ष काढला जातो. ही हकीकत तो स्वतः सांगतो आहे, तीही जिचे मन जिंकायचे आहे तिला, हे या घाईत विसरले जाते. उलट 'टॉय स्टोरी ३'मधील लॉट्सो या खलनायक अस्वलाची करुण कहाणी त्याचा जुना सोबती सांगतो, त्यामुळे ती अधिक विश्वासार्ह ठरते. तरीही ज्यांनी आपला जीव वाचवला त्यांना भट्टीपासून वाचवणारे बटण हाताशी असताना लॉट्सो ते दाबत नाही आणि निघून जातो. जखमेमुळे वागण्याचे कारण कळते, पुढे माणूस काय निवडेल हे कळत नाही. 'मृत्युंजय' वाचून कर्णासाठी हळहळलेल्या मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागू नये, कारण कौरवसभेत द्रौपदीविषयी कर्ण जे बोलला ते त्या हळहळीने पुसले जात नाही.

दुसरी चूक एका दृश्यावर सगळा डोलारा उभारण्याची. पहिल्या भेटीनंतर अ‍ॅना निघून जाते, पाण्यात पडलेला हॅन्स डोक्यावरची होडी उचलून तिच्याकडे पाहतो आणि हसतो. आसपास कोणी पाहत नसताना आलेले हे हसू खरेच असणार, असा युक्तिवाद होतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण त्याच्या शेजारी इतर कृतीही मांडून पाहाव्यात. एरेंडेलमध्ये तो उबदार कपडे वाटतो, तिथली राणी आणि राजकन्येची थोरली बहीण एल्सा हिच्यावर रोखलेल्या बाणाची दिशा बदलतो, आणि पुढे शेकोटीवर पाणी ओतून गारठलेल्या अ‍ॅनाला मरायला सोडून जातो. कपडे वाटल्याने प्रजा आपलीशी होते आणि एल्साच्या जादूने गोठलेल्या राज्यात उन्हाळा परत आणायला ती जिवंत हवी असते, म्हणजे या सर्व कृती सिंहासन बळकावण्याच्या हिशेबात चपखल बसतात. त्या हिशेबाबाहेर उरते ते एकटे हसू. ते पुढील बदलाचे बीज असेल किंवा प्रेक्षकांना गाफील ठेवण्याची दिग्दर्शकांची युक्ती असेल. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. शिवाय या चित्रपटाच्या सुरुवातीच्या आराखड्यात एल्साच खलनायिका होती आणि 'लेट इट गो' हे गाणे तयार झाल्यावर तिचे रूप पालटले. निर्माते स्वतःच इतके बदलतात, तेव्हा एका दृश्याला विधिलिखित मानू नये.

आधी दाखवून झालेले विसरणे ही तुलनेने किरकोळ, पण वारंवार होणारी चूक आहे. २०१५च्या 'फ्रोझन फीवर' या लघुपटात हॅन्स शेण उपसताना दिसतो, तर २०१९च्या दुसऱ्या भागात तो केवळ बर्फातील आठवण म्हणून येतो आणि एल्सा ती आठवण फोडून टाकते. शिक्षा झाली, चेष्टा झाली, पश्चात्ताप मात्र कुठेच दिसलेला नाही.

शेवटची चूक जगणे, परतणे आणि सुधारणे या तीन गोष्टी एकच मानण्याची. 'कुंग फू पांडा'मधील ताय लंग हा खलनायक २००८मध्ये दिसेनासा झाला, तेव्हा तो जिवंत आहे की नाही यावरच वाद घातला जात असे. २०२४च्या चौथ्या भागात तो आत्म्यांच्या लोकातून परतला आणि अखेरीस नायक पोसमोर आदराने झुकला. मेलेला खलनायक बदलूच शकत नाही, असे गृहीत धरणारे तोंडघशी पडले.

म्हणून 'त्याचे मन पालटेल' एवढेच म्हणणे हे भाकीत नव्हे. वाल्या कोळ्याने घरी जाऊन माझ्या पापात वाटेकरी व्हाल का असे विचारले आणि घरच्यांनी नकार दिला, तेव्हा त्याची वाट बदलली. त्याच्या कथेत प्रश्न आहे, उत्तर देणारे आहेत आणि त्यानंतरची दीर्घ तपश्चर्याही आहे. हॅन्सच्या बाबतीत हे तिन्ही कुठून येईल, ते भाकीत करणाऱ्याने सांगावे. दोन्ही मुख्य चित्रपटांत त्याचे बारा भाऊ पडद्यावर आलेले नाहीत, तेव्हा शोध तिथून सुरू करता येईल.