गव्याच्या वाटेवर कॅमेरा ट्रॅप लावताना

राधानगरी-भुदरगडच्या पट्ट्यात गवा उसात कुठून आणि किती वाजता शिरतो हे नेमकं कळलं, की राखण कुठं बसवायची ते ठरवता येतं. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, त्याचसाठी. वनजमिनीवर वनखात्याची लेखी परवानगी आणि शेतात मालकाची संमती आधी घ्या. बायका सरपणाला, पाण्याला जातात त्या वाटेवर कॅमेरा नको.

सर्वांत जास्त घोळ गवत घालतं. सेन्सर हलत्या उष्णतेवर चालतो. उन्हात तापलेलं पातं वाऱ्यानं डोललं तरी तो फसतो. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या सव्हानात 2010 पासून 225 कॅमेऱ्यांचं जाळं लावलं गेलं, साधारण दर 5 चौरस किलोमीटरला एक. तिथल्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या नोंदींत जवळपास तीन चतुर्थांश वेळा चौकटीत प्राणीच नव्हता! दिवाळीनंतर आपल्याकडचं गवतही तसंच कंबरेइतकं वाळून उभं असतं. म्हणून विळा सोबत हवाच. समोरचं 4-5 मीटर गवत बुडापासून कापा, लोंबती फांदीही तोडा. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा, म्हणजे उगवता-मावळता सूर्य भिंगात येत नाही.

वाटेपासून 3-4 मीटरवर न हलणारा जाड बुंधा निवडा. गव्यासाठी उंची 70-80 सेंमी, साळिंदर-डुकरासाठी 40-50. वाटेशी 45 अंशांचा कोन ठेवा. काटकोनात लावला तर चालत्या जनावराची नुसती शेपटी मिळते. मग स्वतः समोरून रांगत जा आणि फोटो आला का बघा.

नव्या-जुन्या बॅटऱ्या एकत्र घालू नका. बॅटरी बदलल्यावर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागं जातं आणि महिनाभराच्या वेळा वाया जातात. त्यामुळं दरवेळी पहिला फोटो पाटीचा: कॅमेरा क्रमांक, तारीख, वेळ. आत सिलिका जेलची पुडी टाका. खाचेत मुंग्या घर करतात, तेही पाहा.

मोजताना एकाच कॅमेऱ्यावर अर्ध्या तासात आलेले गव्याचे सगळे फोटो मिळून एकच नोंद धरा. 20 कॅमेरे 30 रात्री चालले तर 600 कॅमेरा-रात्री. बंद पडलेल्या रात्री वजा करा. 48 नोंदी मिळाल्या तर शंभर रात्रींमागे 8. हा आकडा वावराचा, डोक्यांचा नव्हे. बिबट्या ठिपक्यांवरून ओळखता येतो, गव्याच्या अंगावर तशी खूण नाही. तेव्हा ‘आमच्या शिवारात अमुक इतके गवे’ असं यावरून कुणी सांगू लागला, तर मान डोलावू नका.