शून्यावर थांबू नका: विकलजावरून बहुपदीचा आलेख कसा ओळखावा

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकच्या घरांत पुठ्ठ्याची खोकी साठतात. त्यातल्या एका पुठ्ठ्यातून ३० सेंमी बाजूचा चौरस कापा. त्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे लहान चौरस काढून कडा उभ्या दुमडल्या की उघडं खोकं तयार. कोपरा किती कापला तर खोक्यात सर्वांत जास्त मावेल?

आधी मांडणी. कोपऱ्याची बाजू क्ष धरली तर तळाची बाजू ३०−२क्ष, उंची क्ष. घनफळ घ = क्ष(३०−२क्ष)². कंस सोडवला की ४क्ष³ − १२०क्ष² + ९००क्ष.

आता विकलज, म्हणजे आलेखाचा त्या त्या बिंदूपाशी असलेला चढ. प्रत्येक पदाला त्याच्या घातांकाने गुणा आणि घातांक एकाने कमी करा: घ′ = १२क्ष² − २४०क्ष + ९००. याचे अवयव पाडाच, पुढचं सगळं त्यांवरच चालतं: १२(क्ष−५)(क्ष−१५). चढ शून्य होतो ५ आणि १५ वर.

इथे बरीच मुलं ‘कमाल ५ वर’ असं लिहून मोकळी होतात. उत्तर बरोबर येतं, पण कारण हातात नसतं. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून गेलं की लेण्यांपुढे सपाटी लागते, पण तो माथा नव्हे. त्रिरश्मी डोंगर अजून वर उभा असतो. क्ष³ चा आलेख असाच आहे. ० पाशी चढ शून्य, पण आधीही वर जाणं आणि नंतरही वर जाणंच.

म्हणून चिन्हं तपासा. संख्यारेषेवर ५ आणि १५ मांडले की तीन भाग पडतात. प्रत्येकातली एक संख्या घ′ मध्ये घाला: १ घातला तर ६७२, ६ घातला तर −१०८, २० घातला तर ९००. धन, ऋण, धन. म्हणजे आलेख ५ पर्यंत चढतो, १५ पर्यंत उतरतो, पुन्हा चढतो. ५ ला स्थानिक कमाल, म्हणजे आसपासच्या बिंदूंपेक्षा उंच, आणि १५ ला स्थानिक किमान, म्हणजे आसपासच्यांपेक्षा खाली. खोक्यापुरता क्ष ० ते १५ मध्येच हवा. १५ कापले तर तळच उरत नाही.

दुसरा विकलज, म्हणजे घ′ चाच पुन्हा काढलेला विकलज, २४क्ष − २४०. १० च्या अलीकडे तो ऋण, आलेख उपड्या वाटीसारखा. पलीकडे धन, सुलट्या वाटीसारखा. १० हा वळणबिंदू, म्हणजे वाटी उपडीची सुलटी होते ती जागा, ५ आणि १५ च्या बरोबर मध्ये.

(०, ०), (५, २०००), (१०, १०००), (१५, ०) हे बिंदू जोडा. खात्री हवी असेल तर ४ आणि ६ घालून बघा: १९३६ आणि १९४४, दोन्ही २००० पेक्षा कमी. मग पुठ्ठ्यावर ५ सेंमीला पेन्सिलीने खूण करा आणि कात्री चालवा.