दवंडी वेशीपलीकडे: राउटरवर ब्रॉडकास्ट रिले कसा बसवावा

नागपुरात महाल भागातल्या एका तीन मजली इमारतीत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालते. तळमजल्यावर कार्यालय, पहिल्या मजल्यावर ऑनलाइन सराव परीक्षांची संगणक खोली आणि त्यावर पत्र्याखाली वाचनकक्ष व वाय-फाय अशी तिची मांडणी आहे. मी तिथे व्हीलॅन वापरून (एकाच जोडणीवर वेगळी केलेली आभासी नेटवर्के) कार्यालयाला व्हीलॅन १०, संगणक खोलीला व्हीलॅन २० आणि वाय-फायला व्हीलॅन ३० अशी तीन वेगळी नेटवर्के केली, तेव्हा त्याच दिवशी तीन तक्रारी आल्या. संगणक खोलीतल्या यंत्रांना आयपी पत्ता मिळेना, कार्यालयातून पहाटे ती यंत्रे चालू करण्याची सोय बंद पडली आणि विद्यार्थ्यांच्या फोनवर कार्यालयातला प्रिंटर दिसेनासा झाला. तिन्हींचे मूळ एकच होते, उपाय मात्र तीन निघाले. ते कसे करावेत, हे क्रमाने सांगतो.

ब्रॉडकास्ट म्हणजे गावातली दवंडी. ती वेशीच्या आतल्या प्रत्येकाच्या कानावर पडते, वेशीबाहेर जात नाही. नेटवर्काची वेस म्हणजे राउटर. २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर पाठवलेले पॅकेट राउटर कधीही जसेच्या तसे पुढे पाठवत नाही आणि तसे न पाठवणे योग्यच आहे, कारण प्रत्येक यंत्राची हाक सर्वत्र पोहोचू लागली तर नेटवर्के वेगळी करण्याचा हेतूच उरत नाही. म्हणून वेस मोडायची नाही. कोणती हाक, कोणाकडून आणि कोणापर्यंत न्यायची हे ठरवून तेवढीच पोहोचवायची, यालाच रिले म्हणतात.

राउटरला हात लावण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक नेटवर्काची पत्त्यांची श्रेणी, त्या बाजूचा राउटरचा पत्ता आणि सर्व्हरचा पत्ता लिहून काढावा. आमच्याकडे राउटर १९२.१६८.१०.१, १९२.१६८.२०.१ व १९२.१६८.३०.१ या तीन पत्त्यांवर होता आणि यंत्रांना आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१०.५ वर होता. पुढच्या आज्ञा राउटरवर रोमन अक्षरांतच टाइप करायच्या आहेत, इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

पहिले काम पत्ते वाटण्याचे. नव्याने सुरू झालेल्या संगणकाला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हर कुठे आहे तेही ठाऊक नसते. म्हणून तो ०.०.०.० या पत्त्यावरून सर्वांना उद्देशून ‘डिस्कव्हर’ ही हाक देतो. हे पॅकेट यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीने ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे यंत्रातल्या सेवेचा क्रमांक) ६७ कडे जाते. रिले चालू असलेला राउटर ही हाक ऐकतो, पॅकेटातल्या ‘जीआयॲडर’ नावाच्या रकान्यात त्या बाजूचा स्वतःचा पत्ता भरतो आणि ते थेट सर्व्हरच्या पत्त्यावर पाठवतो. सर्व्हर तो रकाना वाचून विनंती कोणत्या नेटवर्कातून आली हे ओळखतो, त्या श्रेणीतला पत्ता निवडतो आणि उत्तर राउटरकडे परत पाठवतो. एकाच सर्व्हरवरून अनेक नेटवर्कांना पत्ते वाटता येतात ते या एका रकान्यामुळे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. ही कल्पना १९८५ च्या बूटपी या जुन्या प्रोटोकॉलपासून चालत आली आहे.

आधी सर्व्हरवर २० क्रमांकाच्या नेटवर्कासाठी नवा स्कोप, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा संच, तयार करावा. त्यात १९२.१६८.२०.५० ते २०० ही श्रेणी आणि गेटवे (नेटवर्काबाहेर जाण्याचे दार) म्हणून १९२.१६८.२०.१ हा पत्ता द्यावा. मग सिस्कोच्या राउटरवर व्हीलॅन २० च्या इंटरफेसमध्ये, म्हणजे त्या बाजूच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये, जाऊन ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस १९२.१६८.१०.५’ ही आज्ञा द्यावी. ही आज्ञा हाक जिथून येते त्या बाजूच्या इंटरफेसवर द्यायची असते, सर्व्हरच्या बाजूला नव्हे. वाय-फायच्या नेटवर्कासाठी हीच कृती व्हीलॅन ३० वर करावी.

मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर ‘आयपी’ मेनूतल्या ‘डीएचसीपी रिले’ मध्ये नवी नोंद करून इंटरफेस, सर्व्हरचा पत्ता आणि लोकल ॲड्रेस भरावा. सर्व्हरही मायक्रोटिकच असेल तर त्यावरच्या डीएचसीपी सर्व्हरच्या नोंदीत ‘रिले’ या रकान्यात तोच लोकल ॲड्रेस द्यावा लागतो. लिनक्सवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम वापरत असल्यास ‘डीएचसीपी-रिले’ या ओळीत आधी राउटरचा त्या बाजूचा पत्ता आणि स्वल्पविरामानंतर सर्व्हरचा पत्ता लिहावा.

सिस्कोच्या बाबतीत एक खबरदारी आवर्जून घ्यावी. हेल्पर-ॲड्रेसची आज्ञा केवळ डीएचसीपीपुरती नसते. मुळातच ती यूडीपीच्या ३७, ४९, ५३, ६७, ६८, ६९, १३७ आणि १३८ या आठही पोर्टवरचे ब्रॉडकास्ट सर्व्हरकडे वळवते. यांतली १३७ आणि १३८ ही नेटबायोसची पोर्टे विंडोजच्या यंत्रांमुळे सतत बोलत राहतात आणि सर्व्हरवर निष्कारण गर्दी करतात. ‘नो आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी १३७’ आणि तशीच १३८ साठीची आज्ञा देऊन ती बंद करावीत. जे लागत नाही ते पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर एका संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ला ‘रिलीज’ आणि नंतर ‘रिन्यू’ जोडून पत्ता नव्याने मागवावा. आमच्याकडे एवढे करूनही पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला. विंडोजला सर्व्हरचे उत्तर मिळाले नाही की ते असा पत्ता स्वतःच घेते. मी सर्व्हरवर वायरशार्क हे पॅकेटे पाहण्याचे साधन लावून ६७ क्रमांकाचे पोर्ट पाहिले. डिस्कव्हर येत होते, रकान्यात १९२.१६८.२०.१ बरोबर भरलेले होते आणि सर्व्हरकडून ‘ऑफर’ही निघत होते. मग ते जात कुठे होते? सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे म्हणून जुन्या इंटरनेट राउटरचा पत्ता राहून गेला होता, त्यामुळे प्रत्येक उत्तर चुकीच्या दाराने बाहेर पडत होते. गेटवे १९२.१६८.१०.१ केल्याबरोबर चारही पायऱ्या, म्हणजे डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि ॲक, ओळीने दिसू लागल्या. रिले बसवताना जाण्याच्या वाटेइतकीच परतीची वाट तपासावी ती यासाठी.

फायरवॉलमध्ये राउटर आणि सर्व्हर यांच्यात दोन्ही दिशांना यूडीपी ६७ मोकळे असावे. शिवाय पत्त्याची निम्मी मुदत संपली की संगणक मुदतवाढ थेट सर्व्हरकडे मागतो, रिलेमार्फत नाही, म्हणून २० क्रमांकाच्या नेटवर्कातून सर्व्हरच्या ६७ पोर्टपर्यंतची वाटही खुली ठेवावी.

दुसरे काम संगणक दुरून जागे करण्याचे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ही यंत्रे रात्रभर चालू ठेवणे परवडत नाही, आणि पहाटे मजल्यावर जाऊन एकेक बटण दाबण्यात वेळ जातो. जागे करणाऱ्या पॅकेटात एफएफ ही किंमत सहा वेळा आणि पुढे त्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) सोळा वेळा असतो, एकूण १०२ बाइट. झोपलेले यंत्र एआरपीला, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कोणाचा’ या विचारणेला, उत्तर देत नसल्यामुळे ते पॅकेट ब्रॉडकास्ट म्हणूनच पोहोचवावे लागते. त्यासाठी ते १९२.१६८.२०.२५५ या पत्त्यावर पाठवतात. यालाच डायरेक्टेड ब्रॉडकास्ट म्हणतात.

ही सोय राउटरवर मुळात बंद असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्मर्फ नावाच्या हल्ल्यांत याच वाटेचा गैरवापर होऊन एका पॅकेटाची शेकडो उत्तरे बळी पडलेल्या यंत्रावर आदळवली जात, म्हणून ऑगस्ट १९९९ मध्ये आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने ती बंद ठेवण्याचा नियम केला. ती उघडायची तर एकाच यंत्रासाठी उघडावी. सिस्कोवर ॲक्सेस-लिस्ट १०१ या परवानगीच्या यादीत कार्यालयातल्या १९२.१६८.१०.८ या यंत्राकडून येणाऱ्या यूडीपी ९ पोर्टच्या पॅकेटांनाच परवानगी द्यावी आणि व्हीलॅन २० च्या इंटरफेसवर ‘आयपी डायरेक्टेड-ब्रॉडकास्ट १०१’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक संगणकाच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) वेक-ऑन-लॅन, म्हणजे असे जागे होण्याची सोय, चालू करावे आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे, नाहीतर राउटर बरोबर असूनही यंत्र जागे होत नाही.

तिसरे काम प्रिंटरचे, आणि ते खरे पाहता ब्रॉडकास्टचे नसून मल्टिकास्टचे, म्हणजे ठरावीक गटालाच दिलेल्या हाकेचे, आहे. फोन प्रिंटरचा शोध २२४.०.०.२५१ या पत्त्यावर ५३५३ पोर्टने घेतात आणि राउटर तो पत्ताही ओलांडू देत नाही. दोन्ही व्हीलॅनांना जोडलेल्या लिनक्स यंत्रावर अवाही हा प्रोग्रॅम बसवून त्याच्या सेटिंगमध्ये ‘एनेबल-रिफ्लेक्टर’ ला ‘येस’ करावे, म्हणजे तो एका नेटवर्कातली हाक दुसऱ्यात पुन्हा देतो. मात्र अशी दोन यंत्रे त्याच दोन नेटवर्कांत ठेवू नयेत, अन्यथा एकाची हाक दुसरे परत फिरवत राहते. रिफ्लेक्टरने प्रिंटर फक्त दिसतो. छपाई व्हावी यासाठी फायरवॉलमध्ये व्हीलॅन ३० मधून त्या एका प्रिंटरच्या टीसीपी ६३१ पोर्टला परवानगी द्यावी लागते.

सर्व तपासून झाल्यावर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा देऊन बदल जतन करावेत. मृगाच्या आधीच्या वादळात वीज गेली आणि राउटर पुन्हा सुरू झाला की न जतन केलेली प्रत्येक ओळ पुसलेली असते. तो कागदही नव्या पत्त्यांसह राउटरच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवावा.